आरडी ३५० चे दोन कार्ब्युरेटर: काम देण्याआधी वाचा

‘फक्त कार्ब (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटर) सेट करून द्या’ असं म्हणून राजदूत आरडी ३५० ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल आमच्या गॅरेजमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटला येते आणि बऱ्याचदा दोष कार्बमध्ये नसतोच. एका सिलिंडरचे पॉइंट (प्लगची ठिणगी ठरवणारे संपर्क) झिजले असतील, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ सरकली असेल किंवा क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जात असेल, तर स्क्रू कितीही फिरवा, आयडलिंग टिकत नाही. म्हणून कॉम्प्रेशन, पॉइंट, टायमिंग आणि कार्बचे रबर तपासल्याशिवाय आम्ही कार्बला हात लावत नाही. त्या तपासणीचे पैसे वेगळे लागतात, हे आधीच सांगतो.

या गाडीत थ्रॉटलच्या केबलला पुढे तीन फाटे फुटतात: दोन कार्बकडे, तिसरा इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या पंपाकडे. एका कार्बची स्लाइड (थ्रॉटल दिला की वर उचलली जाणारी झडप) दुसरीच्या आधी उचलली गेली, की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता सोबत फिरतो. मग हलक्या थ्रॉटलवर, म्हणजे नेमकी तीन हात नाक्याच्या गर्दीत, गाडी गचके देते. आम्ही फिल्टरकडचे पाइप काढून दोन्ही स्लाइडवर बोटं ठेवतो आणि त्या एकाच क्षणी हलतील अशा केबल जुळवतो. ‘व्हॅक्यूम गेज का लावत नाही?’ असं काही जण विचारतात. टू-स्ट्रोकमध्ये त्याचा काटा नाचत राहतो. बोटांवर आमचा जास्त भरवसा आहे.

त्यानंतर ऑइल पंपाची केबल. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. कार्बच्या केबल हलवल्या आणि पंप तसाच ठेवला, तर ऑइल कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो. ‘पंप राहू द्या’ म्हणाल तर काम घेणार नाही.

कार्बचा एअर स्क्रू पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडतो आणि तिथून इंजिन गरम असताना बारीक फरक करतो. आत फिरवला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), बाहेर फिरवला की लीन (पेट्रोल कमी). तो स्क्रू आयडलिंग आणि अगदी कमी थ्रॉटलपुरताच. मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवते स्लाइडची सुई, पूर्ण थ्रॉटलला मेन जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं मुख्य बारीक छिद्र.

आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण लीन होतं. प्लग पांढरा दिसला तर जेट एक नंबर मोठा टाकावा लागतो. ॲव्हरेज वाढवण्यासाठी मिश्रण लीन करून मागू नका. टू-स्ट्रोक तशीच जळते. थोडं पेट्रोल जास्त गेलेलं परवडतं, रीबोअर (सिलिंडर कापून मोठा करणं) नाही.

गाडी एक रात्र आमच्याकडे राहते, कारण रस्त्यावरची चाचणी पहाटे, घोडबंदर रोड मोकळा असताना घेतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीचा पेट्रोल कॉक बंद करून दोन्ही कार्बमधलं पेट्रोल काढून टाका.

आणि गाडी आणताना प्लग पुसू किंवा बदलू नका. डावा-उजवा कसा जळतोय, ते आम्हाला त्यांच्या रंगावरूनच कळतं.