नळाची वाट बघणारा मेंदू

पहाटे चारच्या सुमारास आमच्या गल्लीत पहिला आवाज होतो तो कोंबड्याचा नव्हे, रिकाम्या घागरीचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि येईल त्या दिवशी नेमकं किती वाजता, हे पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ‘आज पाणी नाही’ असं पक्कं कळलं की मी निवांत झोपायचो. तळमळ व्हायची ती ‘बहुतेक येईल’ म्हटलेल्या रात्री. दर अर्ध्या तासानं उठून नळ पिरगाळून बघायचा आणि सकाळी घरातल्यांवर वसकन ओरडायचं.

हा माझा एकट्याचा तऱ्हेवाईकपणा नाही, हे वाचून बरं वाटलं. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी नेमकी ही तळमळ मोजली. ४५ जणांना त्यांनी संगणकावर एक खेळ खेळायला बसवलं. पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही, ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, तोही चांगला दुखणारा. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळताखेळता उमगायचं, पण शक्यता मध्येच बदलायच्या. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला गेला. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका बसणार हे नक्की असताना नव्हे, तर शक्यता पन्नास टक्के असताना.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वर-खाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर आले. म्हणजे ही तळमळ अगदीच फुकटची नाही. ‘इथं अजून शिकायचं बाकी आहे’ असं मेंदू सांगत असतो. शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही आणि तळमळ मात्र चालूच राहते, तेव्हा खरा त्रास सुरू होतो.

या गावाची जुनी पिढी भोंग्यावर घड्याळ लावायची. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि गावाचं जेवणखाण, झोप, शाळा सगळं पाळीच्या भोंग्याला बांधलं गेलं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार गेला हे सगळे सांगतात. भोंगा गेला हे थोडेच सांगतात. यंत्रमागावर तसा भोंगा नाही. माल आला तर रात्रपाळी, नाही तर माग गप्प.

भोंगा जाण्यानं काय होतं, हे रॉकफेलर विद्यापीठातल्या जे वाइस यांनी उंदरांवर तपासलं होतं. त्यांचे हे प्रयोग १९७०च्या सुमाराचे. दोन उंदरांच्या शेपटीला सारखेच, एकाच वेळी झटके. फरक एवढाच की एकाला झटक्याआधी शिटी ऐकू येई. दुसऱ्यालाही शिट्या ऐकू येत, पण त्यांचा झटक्याशी मेळ नसे. झटके तेवढेच असूनही दुसऱ्याच्या पोटात कितीतरी जास्त अल्सर निघाले. कारण शोधायला गेलं तर साधं आहे. शिटी वाजते तेव्हा पहिला उंदीर घाबरतोच. पण ती वाजत नाही तेव्हा तो निर्धास्त असतो. दुसऱ्याला निर्धास्त होण्याची वेळच मिळत नाही.

आता थोडं खोलात जाऊ, कारण पुढची गोष्ट शास्त्रज्ञांनी स्वतःच उलटी करून सांगितली आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. (आज वाचताना अंगावर काटा येतो, तेव्हा तसे प्रयोग चालत.) काही कुत्र्यांना डोक्यानं फळी दाबून झटका थांबवता येई. त्यांच्या जोडीदारांना झटके तेवढेच, पण थांबवणं त्यांच्या हातात नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथं बुटका आडोसा ओलांडला की सुटका. फळीवाले कुत्रे उडी मारून गेले. ज्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांतले बरेचसे तिथंच कण्हत पडून राहिले. निष्कर्ष निघाला की ते हतबल व्हायला शिकले. ही कल्पना जगभर गाजली, पाठ्यपुस्तकांत गेली.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, या दोघांनीच लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूत शिरून पाहिलं होतं. मेंदूच्या देठात सेरोटोनिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्रास लांबला की तो पेटतो, आणि प्राणी भेदरून गप्प पडून राहतो. हे शिकावं लागत नाही, ते आपोआप होतं. शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ एवढंच. कपाळामागच्या मेंदूचा एक भाग तेवढं ओळखतो आणि त्या पुंजक्याला गप्प बसवतो. शिवाय ज्या जनावराला आधी एकदा असा ताबा मिळालेला असतो, ते पुढच्या, हाताबाहेरच्या संकटातही सहजासहजी कोसळत नाही. देवीची लस टोचून घेतल्यासारखंच म्हणा.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की हात गाळून बसलेला माणूस दुबळ्या मनाचा नसतो. त्याचा मेंदू मुळातला, जुना उपाय करतोय. त्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगून काही होत नाही, त्याच्या हाताला एखादी फळी लागावी लागते. फळी मोठी असायची गरज नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी काही माणसांना अवेळी, कर्कश आवाजात काम करायला बसवलं. निम्म्यांना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतर दिलेल्या कोड्यांवर तीच माणसं जास्त वेळ चिकाटीनं झगडली.

फळी मिळाली नाही तर मेंदू खोटी फळी घडवतो, ही मात्र काळजीची बाब. जेनिफर व्हिट्सन आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत, ताबा सुटल्याची भावना दिलेल्या लोकांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या दिसू लागल्या. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळ्यात हेच चालतं. उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी वापरण्याजोग्या पातळीच्या खाली उतरलं, की रोज नवा शोध: अमक्या गल्लीला मुद्दाम आधी सोडतात, मंगळवारी कधीच येत नाही, वगैरे. मीही त्यात हिरिरीनं भाग घेतला आहे.

समोरच्या घरातल्या विड्या वळणाऱ्या अक्का या ग्रुपवर नाहीत. एकदा मी विचारलं, “अक्का, तुम्ही रात्री उठून बघत नाही का हो?”

“कशाला बघायचं? नळ उघडाच ठेवायचा, खाली पातेलं पालथं घालायचं. पाणी आलं की तेच उठवतंय की.”

मी वाइसची शिटी वाचून बसलो होतो आणि या बाईंनी घरच्या घरी भोंगा बसवला होता. पाणी केव्हा येणार हे त्यांनाही ठाऊक नाही, पण पातेलं गप्प आहे तोवर झोपायला मोकळीक आहे. उठल्यावर काय करायचं तेही आधीच ठरलेलं: आधी प्यायचा हंडा, मग स्वयंपाकाचं, मग बॅरल. ‘असं झालं की मी तसं करणार’ एवढं आधी ठरवून ठेवलेलं असलं, तर ठरलेली गोष्ट हातून पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असं पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं आहे. अर्धवट झोपेत, धडधडत्या छातीनं विचार करणं अवघडच. ताणात कपाळामागचा मेंदू सगळ्यांत आधी ढिला पडतो.

पातेलं पालथं घातल्यानं उजनीत पाणी वाढत नाही, हे खरं. नळाला रोज पाणी यावं म्हणून मागणी करायची ती करायचीच, आणि ती झोपलेला माणूस जास्त नेटानं करतो.

परवा मीही पातेलं ठेवलं. तीनच्या सुमाराला टणटण वाजलं, धावत गेलो, तर नळ नुसताच दोनदा खोकला आणि चार थेंब टाकून हवा सोडत बसला. पातेलं तसंच पालथं ठेवून परत येऊन झोपलो.