बूट चावल्याचं कळत नाही तेव्हा
मधुमेही ग्राहकांसाठी पावलांच्या निगेचं माहितीपत्रक

नवा जोड पायात घातला की दुकानात हमखास विचारतात, "कुठे चावत नाही ना?" मधुमेह जुना असेल तर या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मज्जातंतू बधिर होत जातात आणि त्याची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. बूट चावतच असतो, फक्त कळत नाही. शिवाय बधिर पायाला मापाचा बूट सैल आणि घट्ट बूट 'छान बसला' असं वाटतं. त्यामुळे अनेक जण आपणहून एक नंबर लहान मागतात. आमच्याकडे तसं मागितलंत तर आम्ही हुज्जत घालणार, हे आधीच सांगून ठेवतो.

पाय बधिर झालाय का, याचा अंदाज घरी घेता येतो. डोळे मिटून पडा. घरातल्या कुणाला तरी तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायला सांगा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. ते 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहतात आणि पायाची नाडीही चाचपतात. काही जाणवत नसलं तरी ही तपासणी वर्षातून एकदा हवीच.

माप घ्यायला संध्याकाळी या, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. माप उभं राहून आणि दोन्ही पायांचं घ्यायचं. दोन्ही पावलं क्वचितच सारखी असतात. मोठं पाऊल धरून जोड निवडायचा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे 1 ते 2 सेंटिमीटर जागा हवी, चवड्याशी रुंदी पुरेशी हवी आणि वरून बोटांना काही टेकता कामा नये. घरी कागदावर पाऊल आखून कापा आणि तो कागद बुटात सरकवून बघा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे. मागे पट्टा नसलेली, अंगठ्यात अडकवायची चप्पल टाळा. ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात आणि बेचकीत घासतं ते वेगळंच.

नवा जोड पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला. काढल्यावर पाय नीट पाहा. लाल चट्टा अर्ध्या तासातही गेला नाही तर तो जोड वापरू नका, परत घेऊन या. "वापरून सैल होईल" हा सल्ला मधुमेही पायासाठी घातक आहे.

आता घट्ट्याविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच. बधिरपणासोबत तळपायाचे छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं आकड्यासारखी वाकतात आणि चवड्याची हाडं खाली टेकू लागतात. त्याच जागेवर रोज दाब पडून कातडी जाड होते. हा घट्टा संरक्षण करतो असं वाटतं, पण तो बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला दाबत राहतो. वरून पिवळट, कडक दिसतं आणि खाली जखम होत असते. घट्ट्यात काळपट-लालसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, असं समजा. ब्लेडने तासू नका, कुरुपाची औषधी पट्टी लावू नका. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. घट्टा डॉक्टरांकडूनच काढून घ्या. तो पुन्हा होऊ नये म्हणून मऊ सुखतळा लागतो, ते काम आमचं.

रोज रात्री पाय पाहायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. नजर अधू असेल तर दुसऱ्याला पाहायला सांगा. बेचक्या कोरड्या करा, भेगांना मलम लावा, पण बेचकीत नको, तिथे ओल राहून बुरशी धरते. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा, पायाने नाही. शेकण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. मोजे फिक्या रंगाचे घ्या, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. बूट घालण्याआधी आत हात फिरवा: खडा, खिळ्याचं टोक, दुमडलेला सुखतळा, काहीही निघू शकतं.

जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा आणि 24 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेलं लागलं तर चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मुरगळल्यासारखं वाटलं तरी आतली हाडं खचत असू शकतात.

साखरेचं थोडक्यात: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) बहुतेक प्रौढांसाठी 7 टक्क्यांच्या खाली ठेवतात, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडू लागलं की लघवीत उतरणारं प्रथिन) दरवर्षी तपासा. तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जखम भरत नाही. तिथे आमचा सुखतळा काही करू शकत नाही.

येताना जुना जोड सोबत आणा, घासलेला असला तरी. सुखतळ्यावर कुठे खड्डा पडलाय आणि टाच कुठल्या बाजूला झिजलीय, यावरून तुमच्या पायाचा दाब कुठे पडतो ते आम्हाला कळतं.