नागपूर विद्यापीठ : इतिहास आणि परिसरातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे वाद

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ हे महाराष्ट्रातील जुन्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एक असून त्याची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे सध्या त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. स्थापनेच्या वेळी त्याला सहा महाविद्यालये जोडलेली होती आणि विद्यार्थिसंख्या ९२७ होती. प्रस्तुत नोंदीत विद्यापीठाच्या इतिहासाची रूपरेषा दिली असली, तरी भर एका अंगावर आहे : विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत कोणी काय बोलावे, काय गावे आणि काय शिकवावे, यावरून वेळोवेळी उद्भवलेले वाद.

नागपुरात उच्च शिक्षण विद्यापीठाच्या आधी चार दशके सुरू झाले होते. स्कॉटिश मिशनऱ्यांनी चालवलेले हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली निघाले. त्यांचे विद्यार्थी प्रारंभी कलकत्ता विद्यापीठाच्या आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. मध्य प्रांत व वऱ्हाडाला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही मागणी प्रांतिक विधिमंडळाच्या कायद्याने १९२३ मध्ये पुरी झाली. नागपुरातील नामवंत वकील सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर हरिसिंह गौर यांनी हे पद भूषविले. याच गौरांनी १९४६ मध्ये सागर विद्यापीठ उभे केले.

विद्यापीठाचा जन्म ज्या उन्हाळ्या-पावसाळ्यात झाला, तो नागपूरच्या राजकीय इतिहासातला सर्वांत गाजलेला काळ आहे. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव संमत करताना सरकारी शाळा-महाविद्यालयांवर टप्प्याटप्प्याने बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर तिसऱ्याच वर्षी, १ मे १९२३ पासून, नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून मिरवणूक नेण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी बंदी घातली होती. सत्याग्रहींची एक तुकडी झेंडा घेऊन हद्दीपर्यंत जाई, तिथे तिला अटक होई आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघे. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व हाती घेतले. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेल्यानंतर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला. विद्यापीठाची स्थापना ही धामधूम चालू असतानाच झाली. ज्या प्रांतिक सरकारने ते स्थापन केले, त्याच सरकारचे पोलीस त्या दिवसांत झेंडेवाल्यांना पकडत होते. आज अमरावती मार्गावरील महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात विद्यापीठाची जी प्रशासकीय इमारत आहे, तिला जमनालाल बजाज यांचे नाव आहे.

पहिल्या दोन दशकांत विद्यापीठाचा विस्तार संथ गतीने, परंतु भक्कम पायावर झाला. विधी महाविद्यालय १९२५ मध्ये सुरू झाले. ते आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि शहरातील ‘लॉ कॉलेज चौका’ला त्याच्यावरूनच नाव पडले. कामठीचे मँगेनीज खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये उभी राहिली. ‘एलआयटी’ या आद्याक्षरांनी परिचित असलेली ही संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. कार्यक्षेत्रही असेच आकसत गेले. मध्य प्रदेशातील भाग आधीच वेगळा झाला होता, १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ निघाले आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाच्या स्थापनेने चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही बाहेर पडले.

अभिव्यक्तीच्या प्रश्नावर या विद्यापीठाची सर्वांत उजळ नोंद १९३८-३९ ची आहे आणि ती नागपुरातल्या नव्हे, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या घटनेतून आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि पाठोपाठ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहाच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी गाणे थांबवण्यास नकार दिला आणि संप पुकारला. संस्थानाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. विद्यार्थी परीक्षेला बसला नाही तर त्याचे वर्ष जाते, आणि ज्याच्या दाखल्यावर हकालपट्टीचा शेरा आहे त्याला दुसरीकडे प्रवेश मिळणे कठीण असते. संस्थानाची शिक्षा प्रत्यक्षात या दुसऱ्या टप्प्यावर बसणार होती. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला. मराठवाड्यातले, तेलंगणातले आणि कर्नाटकातले तरुण नागपुरात आणि विद्यापीठाला संलग्न असलेल्या अन्य गावांतील महाविद्यालयांत दाखल झाले. त्यांच्यापैकी अनेकजण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. यांतलेच एक पी. व्ही. नरसिंह राव होत. त्यांनी पुढे कायद्याची पदवीही नागपूर विद्यापीठाचीच घेतली, आणि पंतप्रधान होण्याआधी १९८४ व १९८९ मध्ये ते नागपूरशेजारच्या रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मराठवाड्यात ‘वंदे मातरम् चळवळ’ या नावाने हा प्रसंग सांगितला जातो. नागपुरात त्याची आठवण त्या मानाने कमी काढली जाते, हे चमत्कारिक आहे, कारण त्यात विद्यापीठाने कोणतेही भाषण न करता, केवळ आपले प्रवेशाचे अधिकार वापरून एक भूमिका घेतली होती.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात आणखी एक प्रश्न पुढे आला, तो म्हणजे संशोधकाचे स्वातंत्र्य. महानुभाव वाङ्मयाचे व्यासंगी अभ्यासक वि. भि. कोलते हे १९६६ मध्ये नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलगुरुपद सोडल्यानंतर त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा महानुभाव पंथीयांपैकी काहींनी त्यातील लीळांच्या पाठांवर आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. संपादक पोथ्यांत सापडलेला पाठ छापतो, तर श्रद्धावंत त्याला आपल्या आराध्याची बदनामी मानतो. हा पेच विद्यापीठाच्या परिसरात घडला नसला, तरी तेथे शिकवणाऱ्या प्रत्येक प्राचीन मराठीच्या अध्यापकाला तो ओळखीचा आहे.

विद्यापीठाचे नामकरण ४ मे २००५ रोजी ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असे झाले. खंजिरीवर भजने गाणाऱ्या तुकडोजी महाराजांना ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर-आष्टीच्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. त्यांच्या भजनांनी लोक चेतले, हे सरकारच्या रोषाचे कारण होते. नामकरण फारशा खळखळीविना पार पडले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रवास मात्र वेगळा होता. विधिमंडळाने १९७८ मध्ये ठराव केल्यावर तो अमलात यायला १९९४ उजाडले, आणि त्या लढ्यात नागपूरच्या रस्त्यांवरही रक्त सांडले. ऑगस्ट १९७८ मध्ये झालेल्या गोळीबारातील शहिदांना इंदोरा परिसरात दर वर्षी अभिवादन केले जाते. विद्यापीठाचे नाव हीदेखील अभिव्यक्तीच असते, आणि तिची किंमत कोणाला किती मोजावी लागली याचा हिशेब दोन्ही ठिकाणी अगदी निराळा आहे.

विद्यार्थ्यांच्या सामूहिक आवाजाची रीतसर जागा म्हणजे विद्यार्थी संसद किंवा परिषद. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत नागपुरातील महाविद्यालयीन निवडणुका म्हणजे भिंती रंगवणे, रात्रभर फलक लिहिणे, फाटकावरच्या सभा आणि प्रसंगी हाणामाऱ्या असा सगळा मामला असे. आजच्या राजकारणातील अनेक पुढारी त्याच तालमीतून आले. मुंबईत १९८९ मध्ये एका विद्यार्थ्याची निवडणुकीच्या वादातून हत्या झाल्यानंतर राज्यात थेट निवडणुका थांबल्या, आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, हे समीकरण कागदावर नीटनेटके दिसले. तथापि ज्याला बोलायचे आहे तो आणि ज्याला गुण जास्त आहेत तो एकच असेल याची खात्री नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ ने थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, परंतु २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यानंतर कोरोनाची साथ आली.

बाहेरच्या वक्त्यावरून झालेला सर्वांत गाजलेला प्रसंग १४ एप्रिल २०१६ चा. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे तत्कालीन विद्यार्थी नेते कन्हैया कुमार डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त नागपुरात आले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्या दिवशी शहरात त्यांच्या मोटारीवर दगड मारण्यात आले आणि धनवटे नॅशनल कॉलेजच्या सभागृहात भाषणाच्या वेळी त्यांच्या दिशेने जोडा भिरकावण्यात आला. जोडा त्यांना लागला नाही आणि भाषणही झाले. या महाविद्यालयाचे विद्यापीठाशी नाते संलग्नतेचे आहे. विद्यापीठ पदवी देते, अभ्यासक्रम ठरवते आणि परीक्षा घेते, मात्र सभागृह कोणाला द्यायचे हे महाविद्यालय चालवणारी संस्था ठरवते. नागपुरात एखाद्या वक्त्याला ‘विद्यापीठाने’ बोलावले वा रोखले असे म्हटले जाते, तेव्हा निर्णय नेमका कोणाचा होता हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रत्यक्षात नागपूर विद्यापीठातील वादांचे खरे केंद्र व्यासपीठ नसून अभ्यासक्रमाची पुस्तिका आहे. जुलै २०१९ मध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या चौथ्या सत्रातील इतिहासाचा नवा अभ्यासक्रम बाहेर आला. त्यात एका घटकात काँग्रेसची स्थापना आणि नेहरूंचा उदय, दुसऱ्यात सविनय कायदेभंगाची चळवळ, आणि तिसऱ्यात राष्ट्र उभारणीतील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची भूमिका असा क्रम होता. भारतीय राष्ट्रीय विद्यार्थी संघटना (एनएसयूआय) या काँग्रेसच्या विद्यार्थी शाखेने त्याविरुद्ध आंदोलन केले. स्वातंत्र्यलढ्यात न उतरलेल्या संघटनेला राष्ट्र उभारणीच्या नावाखाली या पंक्तीत का बसवता, असा तिचा सवाल होता. एम.ए.च्या अभ्यासक्रमात संघाचा परिचय २००३-०४ पासून आहेच, असे उत्तर विद्यापीठाकडून देण्यात आले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, पण दोघेही एकमेकांच्या मुद्द्याला टाळून बोलत होते. संघाची स्थापना १९२५ मध्ये नागपुरातच झाली आणि त्याचे मुख्यालय या शहरात आहे. त्यामुळे येथील इतिहास विभागाने त्याचा अभ्यास करू नये असे म्हणणे टिकणारे नाही. वादाचा मुद्दा शीर्षकात होता. ‘संघाचा इतिहास’ असा घटक असता, तर विद्यार्थ्याला अनुकूल-प्रतिकूल दोन्ही लिहिता आले असते. ‘राष्ट्र उभारणीतील भूमिका’ या शब्दांत उत्तराचा अर्धा भाग आधीच लिहून झालेला असतो, आणि दहा गुणांच्या प्रश्नात त्याविरुद्ध लिहिण्याचे धाडस करणारा परीक्षार्थी विरळा.

ऑगस्ट २०२३ मध्ये अशीच चर्चा एम.ए. इतिहासावरून झाली. १९८० ते २००० या काळाशी संबंधित अभ्यासक्रमात भारतीय कम्युनिस्ट पक्षावरील भाग वगळून भारतीय जनता पक्षाचा भाग घालण्यात आला, आणि राम जन्मभूमी आंदोलनाचा विषयही त्यात आला. भाजपची स्थापना १९८० ची असल्याने त्या कालखंडात तो येणे स्वाभाविक होते, मात्र एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर काढण्याची गरज काय, हा प्रश्न विरोधकांनी लावून धरला.

हे बदल कसे होतात, हे समजून घेतल्याखेरीज या वादांचा अर्थ लागत नाही. विषयाचे अभ्यास मंडळ मसुदा करते, तो विद्याशाखेकडे आणि तेथून विद्या परिषदेकडे जातो, आणि मंजुरीनंतर विद्यापीठ तो लागू करते. मंडळावर अध्यापक असतात, परंतु त्यांतील काही निवडून येतात आणि काहींची कुलगुरू नेमणूक करतात. कुलगुरूंची नेमणूक कुलपती, म्हणजे राज्यपाल करतात. अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद यांच्या निवडणुका अध्यापक संघटना आणि राजकीय पक्षांशी जवळीक असलेले गट लढवतात. परिणामी मसुद्यावरची खरी चर्चा बंद खोलीतल्या बैठकीत होते आणि ती बाहेर येते ती शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर, पुस्तिका छापून झाल्यानंतर. तोवर शिकवणाऱ्यालाही मत देण्याची वेळ निघून गेलेली असते.

अध्यापकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सर्वांत गंभीर रूपात ६ जून २०१८ रोजी समोर आला. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख प्रा. शोमा सेन यांना पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली नागपुरातून अटक केली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा काही आठवडेच उरले होते. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. शासकीय नियमांनुसार ठराविक मुदतीपेक्षा अधिक काळ कोठडीत असलेल्या कर्मचाऱ्याबाबत अशी कारवाई केली जाते. हा आरोप त्यांच्या वर्गातील अध्यापनाविषयीचा नव्हता, त्यामुळे हे प्रकरण काटेकोर अर्थाने परिसरातील भाषणस्वातंत्र्याचे म्हणता येत नाही. तथापि सामाजिक चळवळींत वावरणाऱ्या अध्यापकाने परिसराबाहेर काय बोलावे व कोणाबरोबर बसावे, याबद्दलची धास्ती त्यानंतर विभागाविभागांतील गप्पांत उतरली, आणि कायद्याच्या चौकटीत न मावणारा हा परिणाम कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. त्यांच्यावरील आरोप प्रथमदर्शनी खरे मानण्यास वाजवी आधार दिसत नसल्याचे नमूद करून सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२४ रोजी त्यांना जामीन दिला. अटकेपासून त्याला सहा वर्षे होत आली होती, आणि मधल्या काळात त्यांचे निवृत्तीचे वय तुरुंगातच उलटून गेले होते.