टूल होल्डर : पहिल्या व्हीएमसीसाठी निवड

सीएनसी (संगणक-नियंत्रित) मिलिंग यंत्राचा फिरणारा स्पिंडल आणि कापणारे टूल यांना जोडणारा सुटा भाग. याचे वरचे अंग निमुळते (टेपर) असून ते स्पिंडलच्या तोंडात बसते. खालच्या अंगात एंड मिल, ड्रिल, टॅप किंवा फेस मिल धरतात. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत बीड व एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे बीड) यांच्या कास्टिंगचे मशीनिंग मोठ्या प्रमाणावर चालते. तेथे जॉबवर्कसाठी घेतलेले पहिले यंत्र बहुधा बीटी४० (जपानी बीटी पद्धतीचा, ४० मापाचा टेपर) स्पिंडलचे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मशीनिंग सेंटर) असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याच मापाचा विचार केला आहे. यंत्राच्या कोटेशनमध्ये होल्डर धरलेले आहेत की नाहीत, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे व किती, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

टेपरचा उगम व मानके : जुन्या ड्रिलिंग यंत्रांतील मोर्स टेपर साधारण १:२० उताराचा असून तो घर्षणानेच घट्ट धरतो; सोडवायला पाचर ठोकावी लागते. मिलिंगसाठी ७:२४ उताराचा, म्हणजे फुटाला साडेतीन इंच, असा अधिक उतरता टेपर अमेरिकेत पुढे आला. त्याचा काळ काही ठिकाणी १९२७, तर काही ठिकाणी १९३१ असा दिलेला आढळतो. केअर्नी अँड ट्रेकर, ब्राउन अँड शार्प आणि सिनसिनाटी मिलिंग मशीन या तीन कंपन्यांच्या पेटंटचा अर्ज पहिल्या वर्षीचा आणि मंजुरी दुसऱ्या वर्षीची असल्याने हा फरक पडला असावा. पहिले वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या उताराचे यांत्रिक मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. अक्षाशी त्याचा अर्धकोन सुमारे ८.३ अंश येतो आणि त्या कोनाची स्पर्शज्या ०.१४६ आहे. तेलाचा हात लागलेल्या पोलादावर पोलादाचा घर्षण गुणांक साधारण ०.१ ते ०.१५ असतो. म्हणजे टेपर अडकण्याच्या सीमारेषेवर राहतो. ड्रॉबारची (होल्डरला स्पिंडलमध्ये वर ओढून धरणाऱ्या दांड्याची) ओढ सुटली की थोड्याशा धक्क्याने मोकळा होतो. टूल बदलताना ‘टक्’ असा आवाज येतो तो याच धक्क्याचा. दिवसभर चालून तापलेल्या स्पिंडलमध्ये होल्डर तसाच ठेवून यंत्र बंद केले, तर स्पिंडल थंड होताना आकसून त्याला आवळतो आणि सकाळी तो सुटत नाही. शिफ्ट संपताना स्पिंडल रिकामा करण्याची शिस्त यासाठी लावावी.

स्वयंचलित टूल बदल आल्यावर टेपर तोच राहिला, पण फ्लँजची (टेपरखालच्या गोल कड्याची) खाच आणि वरचा पुल स्टड यांत देशपरत्वे फरक पडला. अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीमुळे रूढ झालेला कॅट, जर्मनीत डीआयएन ६९८७१ प्रमाणे एसके आणि जपानमध्ये एमएएस ४०३ प्रमाणे बीटी, अशा तीन शाखा झाल्या. आयएसओ ७३८८ या मानकाच्या दुसऱ्या भागात बीटीचा समावेश ‘जे’ या रूपाने आहे. ४० मापात तिन्हींचा गेज व्यास (टेपरच्या रुंद तोंडाशी मोजायचा प्रमाण व्यास) ४४.४५ मिमी. असतो, त्यामुळे एसके होल्डर बीटी स्पिंडलमध्ये हाताने बसतो आणि चालेल असे वाटते. मात्र टूल बदलणाऱ्या यंत्राच्या हाताची पकड फ्लँजच्या खाचेत असते. तेथे जमत नाही आणि होल्डर निसटून जॉबवर किंवा टेबलवर पडू शकतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या होल्डरबाबत ही तपासणी अत्यावश्यक आहे. बीटी३० चा गेज व्यास ३१.७५ मिमी. आणि बीटी५० चा ६९.८५ मिमी. असतो.

पुल स्टड : होल्डरच्या डोक्यावर घट्ट केलेला, ड्रॉबारचे जबडे ज्याला धरतात तो खुंटीसारखा भाग. बीटी४० मध्ये त्याचा आटा एम१६ असतो, पण डोक्याचा कोन ४५, ६० किंवा ९० अंशांचा असू शकतो. आटा सारखाच असल्याने चुकीचा स्टड विनातक्रार बसतो. जबडे मात्र पूर्ण पृष्ठावर न टेकता कडेवर टेकतात, पकड अपुरी राहते आणि जड कापात टूल खाली सरकते. यंत्राच्या पुस्तिकेतील चित्राशी स्टडची लांबी आणि कोन दोन्ही जुळवूनच खरेदी करावी. स्पिंडलमधून कूलंट येणारे यंत्र असेल, तर छिद्राचा आणि सीलचा स्टड लागतो. सर्व होल्डरांचे स्टड एकाच निर्मात्याचे ठेवणे उत्तम. पाइप लावून जोराने आवळल्यास होल्डरचे वरचे टोक किंचित फुगते आणि टेपरचा संपर्क बिघडतो. म्हणून निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावा. स्टड ही झिजणारी वस्तू आहे. गळ्यापाशी चीर किंवा डोक्यावर खड्डे दिसताच तो बदलावा.

धरण्याच्या पद्धती : ईआर कोलेट (टूलच्या दांडीला आवळणारी, चिरा दिलेली बाही) सर्वांत रूढ. ही पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी आणली. पुढे डीआयएन ६४९९ हे तिचे मानक झाले. ईआर३२ मध्ये २ ते २० मिमी. आणि ईआर२० मध्ये १ ते १३ मिमी. व्यासाच्या दांड्या बसतात. एक कोलेट साधारण १ मिमी. आकसते, तरी दांडी कोलेटच्या मोठ्या मापाजवळची असावी. फार आकसवल्यास पकड तोंडाशीच राहते आणि रनआउट (फिरताना टूलचे केंद्रापासून ढळणे) वाढतो. १२.७ मिमी. दांडी १२ च्या कोलेटमध्ये ठोकून घालू नये, १३-१२ ची कोलेट घ्यावी.

नव्या ऑपरेटरकडून सर्वाधिक होणारी चूक येथेच होते. कोलेट आधी होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला, तर नटातील विकेंद्री कडे कोलेटच्या खाचेत बसत नाही. कोलेट तिरपी आवळली जाते आणि सोडताना बाहेर येत नाही. बरोबर रीत अशी : कोलेट तिरकी धरून नटात ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी, ती नटाशी सपाट बसलेली पाहावी, मग टूल घालून नट होल्डरवर चढवावा. दांडी कोलेटच्या किमान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत हवी. एवढे करूनही कोलेटच्या चिरांत बिडाची काळी भुकटी साचली असेल, तर सर्व व्यर्थ.

साइड लॉक होल्डरमध्ये दांडीच्या सपाट भागावर स्क्रू टेकतो. जड रफिंगमध्ये (सुरुवातीच्या जाड कापात) एंड मिल खाली ओढली जाण्याचा धोका यात नाही. स्क्रू दांडीला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे समकेंद्रीपणा थोडा कमी मिळतो. काही जाणकार रफिंगलाही ईआरच पुरेसे मानतात. कास्टिंगवर रेतीचे कण आणि कडक कातडी असते, कापाचा भार अचानक बदलतो; हे पाहता २० मिमी. एंड मिलला साइड लॉक देणे अधिक सुरक्षित. फेस मिलसाठी आर्बर (कटरच्या छिद्रात बसणाऱ्या खुंटाचा होल्डर) लागतो : ५० मिमी. कटरचे छिद्र बहुधा २२, ८० चे २७ मिमी. असते, ६३ मिमी. कटर दोन्ही मापांत मिळतो, म्हणून आर्बर घेण्याआधी कटर ठरवावा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने धरणारे) आणि श्रिंक फिट (तापवून टूल बसवायचे) होल्डर पहिल्या खरेदीत सहसा नसतात.

लांबी : बीटी४०-ईआर३२-७० या संज्ञेतील शेवटचा अंक गेज रेषेपासूनची (जेथे गेज व्यास मोजतात तेथपासूनची) लांबी मिमी.मध्ये देतो. हाताशी असावा म्हणून १०० किंवा १५० चा होल्डर घेणे टाळावे. सडपातळ दांडीचे वाकणे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढते : एंड मिल ३० ऐवजी ४० मिमी. बाहेर काढली, तर त्याच बलाला ती सुमारे २.४ पट वाकते. कापताना येणारी किरकिर आणि इन्सर्टच्या (कटरवरील बदलता येणाऱ्या पात्यांच्या) तुटलेल्या कडा यांचे मूळ पुष्कळदा फीडमध्ये (टूल पुढे सरकण्याच्या वेगात) नसून येथे असते. आखूड होल्डर नियमाने घ्यावा. लांब होल्डर केवळ फिक्श्चरचा क्लॅम्प किंवा कास्टिंगची भिंत आडवी येत असेल तेथे.

पहिला संच : व्हॉल्व्ह बॉडीसारख्या एका जॉबला फेस मिल, एम१० च्या आट्यासाठी ८.५ मिमी. ड्रिल, टॅप, चॅम्फर टूल, बोअरसाठी रफ ड्रिल आणि बोरिंग हेड असे सहा होल्डर लागतात. २० ते २४ कप्प्यांच्या मॅगझिनला (यंत्रातील टूल ठेवण्याच्या साठ्याला) आरंभी बारा पुरतात : ईआर३२-७० पाच, ईआर२० चे लांब दोन, २० मिमी. साइड लॉक एक, २२ आणि २७ चे आर्बर प्रत्येकी एक, १३ मिमी. चावीविरहित ड्रिल चक एक आणि बोरिंग हेड एक. टॅपसाठी ईआर३२ मध्ये चौकोनी भोक असलेली टॅप कोलेट घ्यावी. साध्या कोलेटमध्ये टॅप फिरतो. मॅगझिनच्या शेजारच्या कप्प्यांत मोठा कटर आदळू नये म्हणून पुस्तिकेतील कमाल व्यास आणि वजन पाहावे. पैसे कमी असतील तर होल्डर कमी घ्यावेत, दर्जा उतरवू नये : टेपर एटी३ दर्जाचा (टेपरच्या कोनाच्या अचूकतेची श्रेणी) आणि ग्राइंड केलेला असावा. तोंडाशी धरलेल्या टेस्ट पिनवर डायल लावून ०.०१ मिमी.च्या आत रनआउट आला पाहिजे.

निगा : बिडाची भुकटी कूलंटशी मिसळून घासणारा लगदा होते आणि तो टेपरवर चिकटतो. होल्डर चढवताना टेपर व स्पिंडलचे तोंड कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावे. टेपरवर लालसर-तपकिरी डाग दिसल्यास तो स्पिंडलमध्ये सूक्ष्म हालतो आहे असे समजावे. ओढ कमी झाल्याचे किंवा स्टड चुकल्याचे ते लक्षण असते. निळी शाई लावून संपर्क पाहिला, तर तो रुंद तोंडाकडे पूर्ण उमटला पाहिजे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले होल्डर लवकर गंजतात. मॅगझिनबाहेरील होल्डरांना तेलाचा पातळ हात देऊन लाकडी किंवा प्लास्टिक स्टँडवर उभे ठेवावे आणि चढवण्यापूर्वी ते तेल पूर्ण पुसावे.