ऑक्टोबरचा पाऊस नेमका कोणाच्या खात्यात?

दसऱ्याच्या आसपास द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) उरकलेली असते, कोवळी फूट निघालेली, आणि वरून धो धो. बागाईतदार म्हणतो अवकाळी, टीव्हीवाला म्हणतो परतीचा, आणि हवामान खात्याची सरकारी वही तिसरंच काहीतरी म्हणते.

जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारं समुद्राकडून येतं, हे एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं 1686 मध्येच मांडलं होतं, ते शाळेत झालंय. पुढं कळलं की विषुववृत्ताजवळचा पावसाचा अख्खा पट्टाच सूर्यामागं वरखाली सरकतो. 1900 च्या सुमाराला झाडझाडोरा बघून जगाचे हवामान प्रकार पाडले गेले, त्यात कोरडा हंगाम उन्हाळ्यात की हिवाळ्यात यालाही वेगळी अक्षरं दिली. भूमध्य समुद्राकडं पाऊस थंडीत, कारण उन्हाळ्यात तिथं वरून खाली बसणारी कोरडी हवा ठाण मांडते. आपल्याकडं उलटं. पण असल्या नकाशात आपला नाशिक जिल्हा एका रंगात बसतच नाही, इगतपुरीला 3000 मिलिमीटरच्या आसपास आणि घोटीवरून सिन्नरला आलात की पन्नास-साठ किलोमीटरवर जेमतेम 500-600, ढग घाट चढतानाच रिकामे होतात.

खरा घोळ 2020 चा. तोवर मान्सून येण्याच्या तारखा 1901 ते 1940 च्या नोंदींवर चालू होत्या, म्हणजे आजोबांच्या पंचांगावर नातवाची पेरणी. मग हवामान खात्यानं तारखा बदलल्या. आगमनात फार फरक नाही, मुंबईचं 10 जूनचं 11 झालं. जायचं मात्र लांबलं, मुंबईतून 29 सप्टेंबरऐवजी 8 ऑक्टोबर, राजस्थानातून निघायचं 1 सप्टेंबरऐवजी 17. हे बरोबरच झालं, उलट उशीरच झाला म्हणा. 2019 ला तर मान्सून राजस्थानातून हलायलाच 9 ऑक्टोबर उजाडला होता.

पण मोजायचा हंगाम ठेवला जून ते सप्टेंबरच! मग 3 ऑक्टोबरचा पाऊस तारखेनं मान्सूनचा आणि वहीत मान्सूननंतरचा, "यंदा सरासरीइतका झाला" म्हणताना तो धरतच नाहीत, आणि इकडं त्याच पावसानं घड कुजलेले, डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) पानापानावर. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस बागा गेल्या तेव्हा तर मान्सून देशातूनच गेलेला होता, तो पाऊस अरबी समुद्रातल्या वादळाचा. त्याला परतीचा म्हणणं चूकच, तरी सगळे म्हणत होते.

मार्चमधल्या गारपिटीला मात्र अवकाळी म्हणताना कोणी वाद घालत नाही.