मादाम प्रॅटन आणि लंडनमधली गिटार

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठ्या शहरांत गिटारची चलती होती, आणि ती बहुतांशी परक्या मुलखातून आलेल्या वादकांनी आणली होती. इटलीच्या माउरो जुलियानीने व्हिएन्ना गाजवलं. स्पेन सोडावं लागलेला फर्नांदो सोर १८१५ मध्ये लंडनला आला, काही वर्षं राहिला आणि तिथल्या लोकांना या वाद्याची गोडी लावून गेला. मैफिलींचं उत्पन्न बेभरवशाचं, त्यामुळे अशा वादकांना शिकवण्यांचा मोठा आधार असे.

त्याच वाटेने जर्मन गिटारवादक फर्डिनांड पेल्झर १८२९ च्या सुमारास बायकामुलांसह लंडनला आला. त्याची मुलगी कॅथरीना जोसेफा, म्हणजेच पुढची मादाम प्रॅटन, बापाकडेच शिकली. जूलिओ रेगोंडी हा तिच्याच वयाचा, बाहेरून आलेला मुलगा तेव्हा लंडनमध्ये नावाजला जात होता. दोघं जोडीने वाजवत. इतकी लहान, की श्रोत्यांना दिसावीत म्हणून त्यांना टेबलावर उभं करत.

पण दोघं मोठी होईपर्यंत काळ फिरला. सभागृहं मोठी झाली, घरोघरी पियानो आला. त्या काळची गिटार अंगाने लहान आणि तातीच्या तारांची. तिचा आवाज दिवाणखान्यापुरता. रेगोंडी तर पुढे कॉन्सर्टिना या हातात धरून वाजवायच्या छोट्या भात्याच्या वाद्याचा वादक म्हणूनच अधिक ओळखला गेला. कॅथरीनाने मात्र गिटार सोडली नाही. १८५४ मध्ये रॉबर्ट सिडनी प्रॅटन या नामांकित बासरीवादकाशी तिचं लग्न झालं आणि ‘मादाम सिडनी प्रॅटन’ हेच तिचं व्यावसायिक नाव झालं.

मादाम प्रॅटन यांच्याकडे शिकायला येत त्या मुख्यतः खानदानी घरांतल्या बायका-मुली. व्हिक्टोरिया राणीची मुलगी लुईझ त्यांतलीच एक. आपल्याकडे मुलीला पेटी येते हे एके काळी कौतुकाने सांगत, तसंच काहीसं तिथे होतं. गाण्याला साथ करता यावी, चार सुंदर तुकडे वाजवता यावेत, एवढीच बहुतेकींची अपेक्षा. मादाम प्रॅटन यांनी आधी वादनाची सविस्तर पद्धत सांगणारं पुस्तक काढलं होतं. एवढी मेहनत शिष्या घेणार नाहीत हे दिसल्यावर त्यांनी सोपी पुस्तकं लिहिली आणि असंख्य छोट्या रचना स्वतःच प्रकाशित केल्या.

यातल्या अनेक रचनांत त्यांनी गिटार वेगळ्या पद्धतीने लावली. नेहमीच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई या पाश्चात्त्य स्वरांना लावलेल्या. त्यांतल्या ए, डी आणि जी या तीन तारा थोड्या चढवून बी, ई आणि जी शार्पवर आणल्या, की डावा हात न लावताही ई मेजरचा भरलेला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते सूर, वाजतो. एकच बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून पुढे-मागे सरकवलं की दुसरे कॉर्ड मिळतात. नवशिकीला पहिल्याच धड्यात सुरेल काही वाजवल्याचा आनंद मिळे. याला कुणी उथळपणा म्हणेल. मला ती जाणत्या शिक्षिकेची समज वाटते. अवघड वादन त्यांना येत होतंच. १८६८ मध्ये नवरा गेल्यावर त्या काही काळ मैफिलींपासून दूर राहिल्या आणि १८७१ मध्ये परतल्या त्या जुलियानीचा तिसरा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) घेऊन.

त्यांची बहीण जूलिया हीसुद्धा लंडनमध्ये गिटार शिकवत असे. मादाम प्रॅटन १८९५ मध्ये वारल्या. चार वर्षांनी फ्रँक मॉट हॅरिसन या शिष्याने त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढलं आणि आज त्यांच्याविषयी जे कळतं त्यातलं बरंचसं त्यातूनच. दुसरा शिष्य अर्नेस्ट शँड पेशाने रंगमंचावरचा नट होता, पण इंग्लंडमध्ये गिटारला फारसं कुणी विचारत नसताना त्याने तिच्यासाठी भरपूर लिहिलं, एक कॉन्चेर्टोसुद्धा.