इंजिनाला ताप हवाच

जुनी एसयूव्ही पेट्रोल जास्त प्यायला लागली की लोकांचं निदान ठरलेलं असतं. गाडी म्हातारी झाली, इंजिन दमलं, आता विकून मोकळे व्हा. आणि याच लोकांना टेंपरेचरचा काटा जरा वर सरकला की घाम फुटतो, काटा खाली असला की एकदम निवांत वाटतं. गाडी जितकी थंड तितकं इंजिनाला बरं, ही समजूत इतकी पक्की बसलीय की मीसुद्धा, फिजिक्स शिकलेला माणूस, कित्येक महिने तीच धरून बसलो होतो.

झालं असं की मी एक सतरा वर्षं जुनी पेट्रोल एसयूव्ही घेतली, ऑटोमॅटिक, वजन जवळपास 2 टन. ॲव्हरेज लिटरला 8.5. एक मेकॅनिक म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणाला इंजेक्टर साफ करू. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर आतला दाब किती धरतो ते, चेक केलं तर सगळे सिलिंडर ठणठणीत. एअर फिल्टर बदलला, काडीचा फरक नाही. (तसा तो पडणारच नव्हता. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये हेच तपासलं होतं, इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिला, पिकअप कमी झाला पण ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक नाही, कारण कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजून त्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी.) शेवटी वैतागून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला आणि हायवेवर चालत्या गाडीत कूलंटचं (इंजिनात फिरून त्याची उष्णता काढून नेणाऱ्या पाण्याचं) तापमान बघितलं तर 61 डिग्री, आणि अर्धा तास झाला तरी ते 61 च. शिवाय कॉम्प्युटरच्या मेमरीत एक कोड साठवलेला, पी 0128, म्हणजे "कूलंट हवं तितकं तापत नाहीये". मग इंजिनचा पिवळा दिवा का लागला नाही? डॅशबोर्ड खोलला तर दिव्यावर काळी टेप चिकटवलेली. आणि थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं, घर खोललं तर आत थर्मोस्टॅटच नाही! आधी कोणीतरी "गरम होण्याची कटकटच नको" म्हणून काढून फेकला होता.

आता हा थर्मोस्टॅट म्हणजे माझा लाडका पार्ट, तर जरा सविस्तर सांगतो. त्यात वायर नाही, चिप नाही, काही नाही. एक पितळेची छोटी डबी, त्यात मेण ठासून भरलेलं, मेणात तांब्याची बारीक पूड मिसळलेली, कारण नुसत्या मेणातून उष्णता लवकर आत जात नाही. डबीच्या तोंडातून एक दांडी आत घुसलेली आणि भोवती रबराची टोपी. मेण वितळताना फुगतं, चांगलं दहाएक टक्के फुगतं, आणि फुगायला जागा नसल्यामुळे ते दांडीला बाहेर ढकलतं. दांडीचं दुसरं टोक फ्रेमला टेकलेलं, म्हणून ती हलत नाही, उलट डबीच मागे सरकते आणि सोबत झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप परत बंद करते. मेणाचं मिश्रण असं बनवायचं की ते नेमकं हव्या त्या तापमानाला वितळेल, बहुतेक गाड्यांत 82 ते 90 डिग्रीच्या दरम्यान झडप उघडायला लागते आणि त्यानंतर दहा-पंधरा डिग्री चढेपर्यंत पूर्ण उघडते. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने 1930 च्या दशकात हे काढलं आणि अजूनही जवळपास तसंच चालू आहे. विश्वास नसेल तर जुना थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, पाणी तापवा, शेजारी थर्मामीटर धरा. बराच वेळ काही होत नाही, बघून कंटाळा येतो, आणि मग 80 च्या पुढे गेलं की झडप हळूच ओठ उघडल्यासारखी उघडते. मी तीन वेळा केलं, गरज एकदाचीच होती.

झडप बंद असते तोवर कूलंट रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं, त्यामुळे इंजिन पटकन तापतं. थर्मोस्टॅट काढला किंवा उघडा अडकला, तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरतं, म्हणजे एवढा मोठा कूलर आपण गार इंजिनाला लावून ठेवला. हायवेवर समोरून वारा, इंजिनावर लोड कमी, मग ते 60-65 च्या वर चढणार कसं?

पण गार राहिलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. पहिलं ऑइल. डब्यावर 15 डब्ल्यू 40 लिहिलेलं असतं, त्यातला 40 हा आकडा ऑइल 100 डिग्रीला किती घट्ट आहे ते सांगतो, म्हणजे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स (हे घट्टपणाचं माप). साधं पाणी 20 डिग्रीला 1 सेंटिस्टोक असतं, त्यावरून अंदाज घ्या. तेच ऑइल 40 डिग्रीला 100 च्या वर जातं! आणि हा बदल सरळ रेषेत होत नाही, तापमान खाली येतं तसा घट्टपणा आधी हळूहळू आणि मग भसाभस वाढतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला घासत नाही, मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि इंजिनाचा प्रत्येक फेरा तो थर कापत असतो, थर जितका घट्ट तितकी ताकद त्याला कापण्यात जाणार, चाकांपर्यंत पोचायच्या आधीच.

दुसरं पेट्रोल. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की काही पेट्रोल तिथे चिकटतं, भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उतरतं, म्हणजे पैसे भरून घेतलेलं पेट्रोल आपण ऑइलमध्ये ओततोय. कॉम्प्युटरला हे माहीत असतं, म्हणून गार इंजिनाला तो मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. इंजिन गार आहे हे त्याला एका सेन्सरमधून कळतं, थर्मिस्टर, तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, नेहमीच्या प्रकारात 20 डिग्रीला अडीच किलोओहमच्या आसपास आणि 80 डिग्रीला तीनशेएक ओहम. या आकड्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद जास्त उघडा ठेवायचा ते ठरतं. (हा सेन्सरच खोटं बोलत असेल तरी हेच होतं, इंजिन तापलेलं आणि कॉम्प्युटर मात्र गार समजून पेट्रोल ओततोय.) इथे हुशार वाचक म्हणेल, सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो की, तो चूक दुरुस्त करेल. करतो ना, एका वेगाने निवांत चालवत असाल तर बरीच करतो, हवा आणि पेट्रोल 14.7 ला 1 या प्रमाणावर आणून ठेवतो. पण ॲक्सिलरेटर दाबला त्या क्षणी जो जादा फवारा मारला जातो त्याचा हिशोब सेन्सरची वाट बघत नाही, तो थेट तापमानाच्या कोष्टकातून येतो, आणि ट्रॅफिकमध्ये आपण मिनिटाला किती वेळा पाय दाबतो ते मोजून बघा.

तिसरं फक्त ऑटोमॅटिकवाल्यांसाठी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो ऑइलच्या माऱ्यावर ताकद पुढे पाठवतो आणि त्यात थोडी घसरण होतेच, म्हणून हायवेला आत एक क्लच लागून दोन्ही बाजू लॉक होतात. बऱ्याच गाड्यांत कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचेपर्यंत हे लॉक लागूच देत नाहीत. माझ्या गाडीत ते कधी लागतच नव्हतं, 90 च्या स्पीडला आरपीएम 200-300 ने जास्त, आणि मी समजत होतो गाडीचा स्वभावच असा.

गार इंजिन किती खातं याचा अमेरिकेचा सरकारी अंदाज असा की उणे 7 डिग्री थंडीत पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज 25 डिग्रीच्या तुलनेत 15% पडतं, आणि पाचसहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत 24% पर्यंत. थर्मोस्टॅट नसलेली गाडी म्हणजे कायम अशी अर्धवट गारठलेली गाडी. नवीन बसवल्यावर माझं 8.5 चं 9.6 झालं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी गरम होत नाही हेसुद्धा पूर्ण खरं नाही. काही इंजिनांत त्याला खालून दुसरी चकती असते, वरची झडप उघडली की ती चकती आतला शॉर्टकट, म्हणजे कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं ती वाट, बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर तो शॉर्टकट कायम उघडा, मग घाटात, चढावर, जिथे खरी गरज तिथे गरम कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला चुकवून परत इंजिनात, आणि गाडी उकळते. 90 डिग्री ऐकून घाबरू नका, रेडिएटरचं झाकण आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार जास्त दाब धरून ठेवतं आणि तेवढ्या दाबाला साधं पाणीसुद्धा 120 डिग्रीला उकळतं. म्हणूनच गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

घरी तपासायचं तर सकाळी गार इंजिन चालू करा, पंख्यापासून बाही सांभाळून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड होज पाइपला हात लावत राहा. बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट याच पाइपच्या टोकाला असतो. पाइप काही मिनिटं गारच राहायला हवा आणि मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. काट्यावर भरवसा नको, बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो.

बाकीचं पटापट. ब्रेक चिकटतायत का ते बघा, ब्रेक कमी वापरून फिरून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, एकच चाक चटका देत असेल तर तिथे पेट्रोल जळतंय. टायरमध्ये हवा दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, सरासरी 1 पीएसआय कमी झाली की ॲव्हरेज साधारण 0.2% पडतं, म्हणजे लोक सांगतात तेवढं मोठं प्रकरण नाही, पण फुकटचं काम आहे. टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवा. आणि स्पीड. एसयूव्ही म्हणजे चालतं कपाट, दोन टनी चौकोनी गाडीला 80 च्या स्पीडला हवा साधारण 350 न्यूटनने मागे ढकलते, 120 ला 785 ने, टायरचा अडथळा मात्र दोन्हीकडे सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपासच राहतो. यापुढे सल्ला देत नाही.

उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांनी ऐका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, मग चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतं, शिवाय इंजिन ब्रेकिंगही गेलं.

आणि ते पेट्रोलच्या पाइपला बांधायचे चुंबक, सॉकेटमध्ये खोचायची दिवा मिचमिचणारी डबी वगैरे. पेट्रोलच्या रेणूंना चुंबकाचं जवळजवळ काही देणंघेणं नसतं, ते डायमॅग्नेटिक असतात, म्हणजे चुंबक त्यांना किंचित दूर ढकलतो, आणि तेही अगदी नावापुरतं. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने अशी 100 हून जास्त उपकरणं तपासली, ॲव्हरेज लक्षात येईल इतकं वाढवणारं एकही सापडलं नाही. गाडीला ताईत बांधायचाच असेल तर बांधा, पण त्याला टेक्नॉलॉजी म्हणू नका.

8.5 वरून 9.6, एवढ्यासाठी एवढी खटपट? असं विचारणाऱ्यांना लिटरला किलोमीटर हा आकडा फसवतो. लिटरला 16 देणारी छोटी गाडी 20 द्यायला लागली तर 1000 किलोमीटरला 12.5 लिटर वाचतात. माझ्या 1.1 किलोमीटरच्या वाढीत 13 वाचले. खादाड गाडीला थोडं सुधारणं जास्त फायद्याचं, रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 मध्ये सायन्स मासिकात हेच दाखवलं होतं.

फक्त मोजताना टाकी फुल ते टाकी फुल मोजा, एकाच पंपावर, आणि ओडोमीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. तो अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर 6 मिलिमीटर झिजला, 360 मिलिमीटर त्रिज्येतला, तर तेवढ्याच रस्त्यात फेरे 1.7% जास्त होतात, आकडा फुगतो, ॲव्हरेज उगाच चांगलं दिसतं. म्हणजे पुढच्या महिन्यात नवे टायर घालीन तेव्हा माझं 9.6 थोडं खाली येणार, आणि तो मेकॅनिक परत म्हणणार, बघा, रिंगा.